ब्रोमॉइलला शाई लावताना

ब्रोमॉइल ही फोटोचा प्रिंट शाईने घडवण्याची पद्धत, १९०७ पासूनची. फोटोच्या कागदावरची चांदीची प्रतिमा ब्लीच करून उडवायची आणि तिच्या जागी तेलकट शाई बसवायची. कागदावर जिलेटिनचा थर असतो. भिजवल्यावर उजळ भागातलं जिलेटिन पाणी पिऊन फुगतं आणि शाई झिडकारतं, गडद भागातलं ती धरून ठेवतं.

शाई घट्ट हवी, लिथोग्राफीची (शिळाछपाईची). पातळ शाई सगळीकडेच चिकटते आणि प्रिंट मळकट दिसतो. घट्ट करायला मॅग्नेशियम कार्बोनेट, सैल करायला जवसाच्या तेलाचा एखादा थेंब. सुरुवात घट्टपासूनच करा. सैल शाई नंतर, फिक्या छटांसाठी. काचेवर वाटाण्याएवढी शाई सुरीने पातळ पसरवा, ब्रश तिच्यावर टेकवा आणि आधी काचेच्या कोऱ्या जागेवर झटकून घ्या.

खरं कौशल्य मनगटात आहे. ब्रश हळू दाबला की शाई कागदावर बसते, हलकेच आपटून पटकन उचलला की जास्तीची शाई निघून येते. तिरक्या कापलेल्या केसांचा जाड ब्रश महाग असतो, पण मोठ्या आकाशासाठी फोमचा छोटा रोलरही चालतो. बारीक तपशिलाला मात्र ब्रशच.

शाई लावण्यापूर्वी पृष्ठभागावरचं पाणी शॅमॉय कातड्याने (पाणी टिपणारं मऊ कातडं) पूर्ण टिपा. राहिलेल्या थेंबाच्या जागी पांढरा ठिपका उमटतो. काम करता करता उजळ भाग शाई धरू लागले तर जिलेटिन सुकतंय. जोर लावू नका, प्रिंट पुन्हा पाण्यात बुडवा, टिपा आणि पुढे चला. आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीच कोमट असतं, त्यात जिलेटिन जास्त फुगतं, म्हणून भिजवण्याचा वेळ कमी ठेवा.