जाड मूर्ती भट्टीत फुटते ती का? या चुका टाळा

पोळ्याआधी नंदीचं डोकं केलं होतं. वीतभर उंच, मान भरीव. वरून पांढुरकं पडलेलं, हाताला कोरडं लागत होतं, म्हणून भट्टीत ठेवलं. दोन तास झाले नसतील, आतून ‘ठप्प’ असा दबका आवाज आला. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर मानेचा भुगा, आणि उडालेल्या तुकड्यांनी शेजारी ठेवलेल्या दुसऱ्यांच्या दोन मगांचे कान तुटलेले. आपलं गेल्याचं दुःख कमी, दुसऱ्यांचं फोडल्याची लाज जास्त.

जो तो म्हणाला, हवेचा बुडबुडा राहिला असेल. हा समज मोठा चिवट आहे. पोकळीत नुसती हवा असेल तर ती मातीच्या बारीक छिद्रांतून निघून जाते. फोडतं ते पाणी. १०० अंशांपुढे त्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. जाड मातीच्या पोटातून तिला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही की ती माती फोडूनच वाट काढते.

वरचं कोरडेपण खरं मानणं

नागपुरात ही चूक दोन्ही बाजूंनी होते. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, गरम वारा सुटतो. मूर्ती एका दिवसात वरून खडखडीत वाळते आणि आत ओलीच राहते. वरचा थर आकसतो, आतला आकसत नाही, की पडली भेग. म्हणून उन्हाळ्यात मूर्तीवर प्लास्टिक सैल टाकून ठेवा. नंदीची शिंगं, कान असे बारीक भाग तर वेगळे गुंडाळा, म्हणजे ते मानेसाठी थांबतील. पावसाळ्यात याच्या उलट: महिना झाला तरी वाळत नाही. आणि एक खास आपल्याकडची चूक म्हणजे कूलरच्या खोलीत मूर्ती वाळत ठेवणं. कूलर हवेत पाणीच सोडतो ना!

वाळली की नाही हे हाताने कळत नाही. गालाला लावा, गार लागली तर आत ओल आहे. त्याहून पक्कं म्हणजे वजनकाटा. रोज त्याच वेळी वजन करून भिंतीवर लिहायचं. सलग तीन-चार दिवस आकडा हलला नाही, की मगच भट्टीचं नाव काढायचं.

भरीव ठेवणं

चितार ओळीतल्या, म्हणजे नागपूरच्या मूर्तिकारांच्या वस्तीतल्या मूर्ती पाहत आपण वाढलो. पण त्या मूर्ती भट्टीत जात नाहीत, पाण्यात जातात. आत गवत असो, लाकूड असो की तार, तिथे बिघडत नाही. भट्टीत जाणाऱ्या मूर्तीत लोखंडी तार ठेवलीत तर माती आकसते, तार आकसत नाही. तडा ठरलेलाच.

माती आकार धरण्याइतकी घट्ट झाली की तारेने मूर्ती दोन भागांत कापा आणि आतून कोरून काढा. भिंत सगळीकडे सारखी, दीड-दोन सेंटीमीटरची ठेवा. जाड मान आणि पातळ कान एकमेकांना लागून असले की तिथेच तडकतं. कडा खरवडून, पातळ माती लावून पुन्हा जोडा आणि तळाला भोक ठेवा. डोकं आणि मान वेगवेगळे पोकळ केले असतील तर मधला पडदाही टोचायला विसरू नका. मातीत भाजलेल्या मातीची भरड मिसळली तर वाफेला वाट मिळते आणि आकसणंही कमी होतं.

सुरुवातीला घाई

भट्टीचं तापमान दाखवणाऱ्या, सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर दिसतं ते भट्टीतल्या हवेचं तापमान. मूर्तीचं पोट त्याच्या कितीतरी मागे असतं. मी आता जाड काम रात्रभर ८०–९० अंशांवरच ठेवते. सकाळी झरोक्यासमोर काचेचा तुकडा धरायचा. धुकं आलं की अजून दोन तास. मग ६०० पर्यंत ताशी ५० अंश. साधारण ४५० ते ६०० दरम्यान मातीत रासायनिक रीतीने बांधलेलं पाणी सुटतं, आणि ५७३ ला मातीतलं क्वार्ट्झ हे खनिज एकदम फुगतं. त्यापुढे ताशी १०० अंशांनी हजारापर्यंत गेलं तरी चालतं. धूर-वाफ निघत असते, तेव्हा खोलीची खिडकी उघडी हवी.

उतरतानाही तेच क्वार्ट्झ ५७३ ला आकसतं, म्हणून झाकण मधेच उचकायचं नाही. आतलं तापमान १०० च्या खाली येऊ द्या. थंड झालेली मूर्ती बोटाने वाजवून बघा: खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे.

सगळं नीट होऊनही महिन्याभराने मूर्तीवरून टिकलीएवढा पापुद्रा उडतो आणि खड्ड्यात पांढरा ठिपका दिसतो. हा भट्टीचा दोष नाही. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भाजल्यावर त्यांचा चुना होतो आणि हवेतली ओल पिऊन तो फुगतो. साच्यातलं प्लास्टर मातीत पडलं तरी असाच पापुद्रा उडतो. शेतातून माती आणली असेल तर ती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळून घ्या. भाजल्यावर यावर खात्रीचा उपाय नाही.