शिडाच्या छोट्या होडीवरील आउटबोर्डला रिमोट कंट्रोल बसवताना

२२-२४ फुटी शिडाच्या होडीवर आउटबोर्ड इंजिन मागच्या फळीवरील ब्रॅकेटला टांगलेले असते आणि होडी चालवणारा मात्र सुकाणूचा दांडा धरून कॉकपिटमध्ये, म्हणजे होडीतील बसण्याच्या खोलगट जागेत, बसलेला असतो. गिअर बदलायचा म्हणजे पाठ फिरवून, फळीवरून बाहेर वाकून त्याला इंजिनापर्यंत हात पोहोचवावा लागतो. मोकळ्या पाण्यात याचे काही वाटत नाही. परंतु मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक ४ मीटरच्या वर जातो, पाण्याला चांगलीच ओढ असते, आणि मूरिंगच्या, म्हणजे होडी बांधण्यासाठी पाण्यात कायम नांगरून ठेवलेल्या, बोयाजवळ येताना नेमके दोन-चार सेकंद समोरची नजर काढून घेणे परवडत नाही. कॉकपिटमध्ये एक लिव्हर आणि तिथून इंजिनापर्यंत दोन केबल, एक गिअरची व दुसरी थ्रॉटलची (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारी), एवढीच ही रिमोट कंट्रोलची व्यवस्था असते. ती घरच्या घरी, दोन दिवसांत, साध्या हत्यारांनी बसवता येते; मात्र काम सुरू करण्याआधी पुष्कळ मोजमाप करावे लागते.

पहिला प्रश्न इंजिनाचा आहे. हँडल फिरवून चालणाऱ्या प्रत्येक आउटबोर्डला रिमोट जोडता येत नाही. २ ते ३.५ अश्वशक्तीच्या लहान इंजिनांना बहुधा रिव्हर्स गिअरच नसतो. उलटे जायचे झाल्यास सगळे इंजिनच फिरवावे लागते, त्यामुळे त्यांचा विचार सोडून द्यावा. साधारण ६ अश्वशक्तीपासून पुढच्या बऱ्याच मॉडेलांसाठी उत्पादक स्वतःचा रूपांतर संच विकतात. त्यात केबलचे बाहेरचे आवरण पकडणारी क्लॅम्प, गिअर व थ्रॉटलच्या दांड्यांना जोडायचे सांधे आणि इंजिनाच्या झाकणाखालून केबल आत घेण्याचा रबरी बूच असतो. हा संच महाग वाटतो आणि पत्र्याची पट्टी वाकवून तसेच काहीतरी करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण आवरण एक-दोन मिलीमीटर जरी सरकले तरी गिअर अर्धवट पडतो, आणि अर्धवट पडलेला गिअर स्वतःचे दाते झिजवतो.

या बदलात एक गोष्ट हातची जाते, हेही आधीच समजून घ्यावे. हँडल काढले की इंजिन डावी-उजवीकडे वळवण्याची सोय जाते. इंजिन सरळ ठेवून घट्ट करायचे आणि दिशा फक्त सुकाणूने द्यायची. पुढे जाताना होडीने वेग घेतला की सुकाणूवरून पाणी वाहते म्हणून अडचण येत नाही, पण रिव्हर्समध्ये, विशेषतः होडी जवळजवळ थांबलेली असताना, सुकाणूला पकड मिळत नाही. ज्यांना दररोज अरुंद जेटीत मागे मागे शिरावे लागते त्यांनी इंजिन आणि सुकाणू यांना जोडणारा दांडा बसवण्याचाही विचार करावा. माझ्या मते मूरिंगवर राहणाऱ्या होडीला त्याची गरज पडत नाही.

आता जागा. बहुतेक जण आधी लिव्हरची जागा ठरवतात आणि मग केबल कशीबशी तिथपर्यंत नेतात. हे उलटे करावे. आधी केबलची वाट शोधावी. नेहमीच्या वापरातील ‘३३सी’ प्रकारची केबल आतून सुमारे ३ इंच म्हणजे ७५ मिलीमीटर सरकते आणि तिला साधारण २०० मिलीमीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण सोसत नाही (पाकिटावर वेगळा आकडा असेल तर तोच अंतिम मानावा). मोटारबोटीत इंजिन एकाच उंचीवर बसवलेले असते. शिडाच्या होडीत मात्र शिडावर जाताना इंजिन ब्रॅकेटसह वर ओढले जाते, शिवाय ते पुढे तिरकेही करता येते. म्हणजे केबलचे एक टोक प्रत्येक फेरीत फूट-दीड फूट वरखाली होते. सगळ्या कामाचे मर्म या हालचालीत आहे.

लांबी मोजण्याचा रूढ नियम असा: बॉक्सपासून (लिव्हर ज्यात बसवलेला असतो ती पेटी) केबल जाईल त्या वाटेने मागच्या फळीपर्यंतचे अंतर, तिथून इंजिनाच्या मध्यापर्यंतचे अंतर, आणि वळशासाठी ४ फूट, बेरीज पुढच्या पूर्ण फुटावर न्यायची, कारण केबल फुटांच्या मापात विकल्या जातात आणि त्या कापता येत नाहीत. समजा पहिले अंतर १.५ मीटर, दुसरे ०.६ मीटर, त्यात १.२ मीटर मिळवले की ३.३ मीटर, म्हणजे जवळजवळ ११ फूट होते. पण उचलणाऱ्या ब्रॅकेटसाठी एवढ्यावर विसंबू नये. तेवढ्या लांबीची बागेतील पाण्याची जरा कडक नळी घ्यावी, तिचे एक टोक बॉक्सच्या जागी व दुसरे इंजिनाच्या झाकणाशी चिकटपट्टीने बांधावे आणि इंजिन पूर्ण वर, पूर्ण खाली, नंतर तिरके असे करून पाहावे. दोरी या कामाला चालत नाही, कारण ती कुठेही मुडपते आणि खरे दुखणे लपवते. नळी कुठे चिमटली, कुठे ताणली, कुठे पाण्यात लोंबली हे लगेच दिसते. माझ्या होडीवर हिशेबाने ११ फूट आले होते आणि नळीने १२ सांगितले. मी नळीचे ऐकले.

वाट पक्की झाली की बॉक्सची जागा आपोआप मर्यादित होते. ती शक्यतो कॉकपिटच्या बाजूच्या उभ्या भिंतीवर, बसल्यावर हात सहज खाली जाईल अशी निवडावी. खडूने आकृती काढून पुठ्ठ्याचा लिव्हर टाचणीने लावावा आणि सुकाणूचा दांडा दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून पाहावा; गुडघा लागतो का, शिडाची दोरी अडकते का हेही तपासावे. दोरी लिव्हरला अडकून इंजिन अचानक पूर्ण वेगाने गिअरमध्ये पडणे हा शिडाच्या होडीवरचा खास धोका आहे. म्हणून न्यूट्रलमध्ये कुलूप लागणारा आणि कळ दाबल्याशिवाय न हलणारा लिव्हरच घ्यावा. भिंतीत खोल बसणारा बॉक्स दिसायला सुबक असतो, परंतु त्याला भिंतीमागे जागा लागते आणि केबलचे पहिले वळण तिथेच घ्यावे लागते. मागच्या कप्प्यात हात घालून ती जागा मोजल्याशिवाय विकत घेऊ नये.

भोके पाडताना आधी बारीक ड्रिलने एकच भोक पाडून भिंतीच्या पोटात काय आहे ते पाहावे. निघालेला भुसा पांढरा म्हणजे नुसते फायबर. तपकिरी लाकडी भुसा आला तर आत हलक्या लाकडाचा गाभा आहे. अशा वेळी भोकाभोवतीचा गाभा खरवडून तिथे इपॉक्सी भरावे व ती वाळल्यावर पुन्हा भोक पाडावे, नाहीतर दोन पावसाळ्यांत गाभा कुजतो. भोकाची कड वरून किंचित तिरकी घासली की बोल्ट आवळताना वरच्या चकचकीत थराला तडे जात नाहीत. मागे ॲल्युमिनियमची किंवा मरीन प्लायची आधारपट्टी द्यावी, बोल्ट स्टेनलेसचे वापरावेत आणि सांध्यांत बाथरूमचे सिलिकॉन न लावता सागरी वापराचे पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड सिलंट लावावे. मागच्या फळीतून केबल बाहेर काढण्याचे भोक जितके वर घेता येईल तितके घ्यावे, त्यावर रबरी बूट लावावा आणि बाहेर आल्यावर केबल जरा खाली झुकून मग इंजिनाकडे वर जाईल असे ठेवावे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी आत न येता झुकत्या भागातच गळून पडते.

जोडणीत आधी गिअर आणि मगच थ्रॉटल, हा क्रम बदलू नये. इंजिन तातडीने बंद करणारी सुरक्षेची दोरी काढून ठेवावी, स्पार्क प्लगच्या टोप्या काढाव्यात. लिव्हर न्यूट्रलला, इंजिनाचा गिअरही न्यूट्रलला. पंखा (प्रोपेलर) हाताने दोन्ही दिशांना मोकळा फिरला पाहिजे. आता केबलच्या टोकाचा सांधा फिरवत फिरवत असा आणावा की तो इंजिनाच्या पिनवर न ओढता, न ढकलता अलगद बसेल. सांध्याच्या आत किमान ८ मिलीमीटर आटे गेलेले असावेत. त्याहून कमी राहत असतील तर क्लॅम्पची जागा चुकली आहे असे समजावे. चेकनट (सांधा फिरू नये म्हणून त्याला टेकवून आवळायचा नट) आवळून मगच गिअर टाकून पाहावा, आणि तोही दुसऱ्या माणसाकडून पंखा हळूहळू फिरवत, कारण आतील दातेरी क्लच दात्यासमोर दाता आला की थांबतो. जोर लावला तर गिअर पडत नाही, दांडा मात्र वाकतो. फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्हीकडे लिव्हर सारख्याच अंतरावर गेल्यावर गिअर पडला पाहिजे.

बॉक्समधील केबल लिव्हर पुढे करताना ढकलते की ओढते, हे आतील दांडीवरच्या दोन भोकांपैकी कोणते निवडले यावर ठरते. पहिल्या खेपेला मी चुकीचे भोक निवडले. सगळे सुरळीत वाटत होते. गिअर ‘खट्’ असा गोड आवाज करून पडत होता. जेटीला दोन दोऱ्यांनी बांधलेल्या अवस्थेत इंजिन चालू करून लिव्हर पुढे केला, तर होडी मागे जाऊ लागली आणि पुढची दोरी ताणली गेली. दोऱ्या नसत्या तर मागे उभी असलेली मच्छीमार होडी पहिली भेटली असती.

थ्रॉटलची केबल जोडताना लिव्हर न्यूट्रलला असता इंजिनाचा थ्रॉटल सर्वांत कमी वेगाच्या अडणीला पूर्ण टेकलेला हवा; तिथे पोकळी राहिली तर इंजिन जास्त वेगाने फिरते आणि गिअर टाकताना धक्का बसतो. मग लिव्हर पूर्ण पुढे न्यावा. इंजिनाकडील अडण लागली आणि लिव्हर अजून दाबता येतो आहे, अशी स्थिती असेल तर पूर्ण वेगात केबलवर सतत ताण राहील, तेवढे माप कमी करावे. लिव्हर हलू लागला की आधी गिअर पूर्ण पडावा आणि त्यानंतरच थ्रॉटल उघडू लागावा, हे झाकण काढून डोळ्यांनी पाहावे.

इंजिन तातडीने बंद करणारी, मनगटाला बांधायची दोरीही कॉकपिटमध्ये आणावी लागते. लहान आउटबोर्डमध्ये बहुधा स्टॉपची वायर अर्थला, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या अंगाला, टेकली की ठिणगी बंद होते. त्यामुळे नवा स्विच जुन्याला समांतर जोडला की दोन्हींपैकी कोणत्याही स्विचने इंजिन थांबते. तुमच्या इंजिनाची रचना वेगळी नाही ना, हे मॅन्युअलमधील आकृतीवरून पडताळून घ्यावे. वायर कथिलाचा मुलामा असलेली घ्यावी. साधे तांबे खाऱ्या हवेत आवरणाच्या आत काळे पडते. दोरी ओढून सुरू होणाऱ्या इंजिनात गिअरमध्ये असताना दोरी ओढली जाऊ नये म्हणून एक यांत्रिक अडसर असतो. नव्या जोडणीत तो चुकूनही काढू नये.

पहिली चाचणी पाण्याच्या पिंपात, कधीही कोरडी नको, कारण पाण्याशिवाय पंपाचे रबर लगेच जळते. दुसरी जेटीला बांधून. केबलचा इंजिनाजवळचा शेवटचा मीटरभर भाग कशालाही आवळून बांधू नये, तो हलायलाच हवा.

एखाद्या हंगामानंतर लिव्हर जड झाला तर इंजिनाकडून केबल सोडून पुन्हा हलवून पाहावा. तरीही जडच असेल तर दोष केबलचा किंवा बॉक्सचा, हलका झाला तर इंजिनाच्या सांध्यांचा. सांध्यांना आणि केबलच्या उघड्या टोकांना मरीन ग्रीस लावावे. आवरणाच्या आत तेल सोडू नये, कारण आतील प्लॅस्टिकचे अस्तर कोरडेच चालण्यासाठी केलेले असते. जड झालेली केबल बदलणे हाच उपाय. दोन्ही एकाच वेळी बसवलेल्या असतात, तेव्हा एक गेली की दुसरीही बदलावी, आणि हे काम पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढलेली असते तेव्हाच उरकून घ्यावे.