दुष्काळ म्हटलं की आपल्याला पाऊस आठवतो

आयर्लंडमध्ये गॉलवेला आयरिश भाषा शिकायला गेले, तेव्हा पहिल्याच सत्रात परदेशी विद्यार्थ्यांसाठी संध्याकाळी आयरिश संस्कृतीवर व्याख्यानं असायची. हजेरी सक्तीची नव्हती, त्यामुळे निम्मा वर्ग फिरकायचाच नाही. तुम्ही नवीन येणार असाल तर एकही चुकवू नका.

दुसरं व्याख्यान 1845 च्या महादुष्काळावर होतं. शेवटी मी हात वर करून विचारलं, "किती वर्षं पाऊस झाला नव्हता?" वर्ग शांत झाला. बाईंनी सावकाश समजावलं: पाऊस भरपूर होता. त्या दमट हवेतच बटाट्यावरचा करपा रोग फोफावला आणि शेतातलं पीक जागच्या जागी सडलं. गरीब कुळांचं पोट बटाट्यावरच चालायचं. त्याच काळात धान्य मात्र जहाजांतून देशाबाहेर जात होतं. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. आयरिशमध्ये याला 'अन गोर्ता मोर' म्हणतात, म्हणजे मोठी भूक. आपल्या 'दुष्काळ' शब्दात कोरडं आभाळ असतं, त्यांच्या शब्दात रिकामं पोट. त्या दिवसापासून मी स्लाइड उतरवून घेणं सोडलं. वहीत फक्त असे शब्द लिहायचे, ज्यांच्यावर माझा मराठी शब्द बसत नाही.

उलटही होतं, आणि तेव्हा फार आनंद होतो. आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही' यांना सुटे शब्दच नाहीत. 'अन दिगन तू?' म्हणजे समजलं का तुला? उत्तर 'तिगिम', समजतं. नाहीतर 'नी हिगिम'. आपणही 'जेवलास का?' ला 'जेवलो' म्हणतोच की! आणि त्यातला 'तू' म्हणजे आपलाच तू, दोन्ही भाषा दूरच्या बहिणी. 'ता ओक्रस ओरम' म्हणजे शब्दशः 'माझ्यावर भूक आहे'. इंग्रजीतून आलेली मुलं इथे अडखळत होती. 'मला भूक लागली' म्हणणाऱ्या मला ते लगेच पटलं. म्हणून आयरिश वाक्य आधी मराठीशी ताडून बघा, इंग्रजीशी नंतर.

हर्लिंग हा काठीने चेंडू मारायचा आयरिश खेळ. त्याच्या व्याख्यानात खेळायची काठी हातोहात फिरवली होती. अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची, खाली पसरट, आणि लाकडाच्या रेषा त्या वळणाबरोबरच वळलेल्या. झाडाच्या बुंध्याशी, मुळं फाकतात तिथलं लाकूड घेतात, म्हणून ती तिथे तुटत नाही. हातात धरून पाहा, फोटोत कळत नाही. मोठमोठे खेळाडूही मानधन घेत नाहीत, एरवी नोकरी करतात आणि आपल्या गावच्या क्लबकडून खेळतात.

2022 च्या जनगणनेत 18 लाखांहून जास्त लोकांनी आयरिश येते असं सांगितलं. शाळेबाहेर रोज बोलणारे जेमतेम 72 हजार. त्यामुळे ती सहज कानावर पडेल या भरवशावर राहू नका. गॉलवेहून बसने स्पिडलला जा, तिथून पश्चिमेकडच्या गावांत ती घरात बोलली जाते. दरवर्षी 1 ते 17 मार्चला आयरिश भाषेचा उत्सव असतो, तेव्हा मोडकंतोडकं बोललेलंही लोक कौतुकाने ऐकतात. मी स्पिडलच्या दुकानात पाव घेताना 'ता ओक्रस ओरम' म्हटलं. काउंटरवरच्या आजी पुढे काहीतरी भराभर बोलल्या. मी 'नी हिगिम' म्हणाले, आणि त्यांनी तेच वाक्य पुन्हा, एकेक शब्द सुटा करून म्हटलं.