आमदाराची राजकीय कारकीर्द कागदांवरून कशी तपासायची : नाशिक जिल्ह्यासाठी मार्गदर्शक

निवडणूक जवळ आली की प्रत्येक आमदाराची ‘कारकीर्द’ छापील पत्रकात घरपोच येते. ती खरी किती, हे घरबसल्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या एक-दोन फेऱ्यांत तपासता येते. कागद बहुतेक खुले आहेत. चुका होतात त्या कागद वाचताना.

सुरुवात मतदारसंघापासून करा. नाशिक जिल्ह्यात विधानसभेच्या १५ जागा आहेत, क्रमांक ११३ नांदगाव ते १२७ इगतपुरी. तालुका आणि मतदारसंघ एकच असतो हे गृहीत धरू नका. लासलगाव निफाड तालुक्यात आहे, पण मतदान येवला मतदारसंघात करते. दिंडोरी हे नाव विधानसभेलाही आहे आणि लोकसभेलाही. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण या जागा लोकसभेला धुळ्यात मोडतात. जुन्या निकालांशी तुलना करायची तर २००९ ही भिंत समजा. मतदारसंघ पुनर्रचना त्या निवडणुकीपासून लागू झाली आणि नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम या जागा तेव्हा आल्या. २००४ च्या ‘नाशिक’ची आकडेवारी आजच्या नाशिक मध्यच्या शेजारी मांडली, तर त्या तक्त्याला काही अर्थ उरत नाही.

मग निवडणुकांचा एक साधा तक्ता करा : वर्ष, सभागृह, मतदारसंघ, पक्ष, मते, निकाल. पराभवाच्या ओळी गाळू नका, पत्रकात नेमक्या त्याच गाळलेल्या असतात. सिन्नरचे माणिकराव कोकाटे घ्या. १९९९ आणि २००४ ला शिवसेना, २००९ ला काँग्रेस, २०१४ ला भाजपचा उमेदवार म्हणून पराभव, २०१९ च्या लोकसभेला अपक्ष म्हणून पराभव, त्याच वर्षी विधानसभेला राष्ट्रवादीकडून विजय आणि २०२४ ला पुन्हा विजय. ‘पाच वेळा आमदार’ एवढ्यावर थांबलात तर यातले अर्धे हाती लागत नाही. पक्षाच्या रकान्यात आणखी एक अडचण आहे. शिवसेना २०२२ मध्ये आणि राष्ट्रवादी २०२३ मध्ये फुटली, त्यामुळे २०१९ ला निवडून आल्याचा पक्ष आणि २०२४ चा पक्ष यांचे नाव सारखे असले तरी गट वेगळा असू शकतो. दोन रकाने ठेवा : ‘निवडून येतानाचा पक्ष’ आणि ‘मुदत संपतानाचा गट’. विधान परिषदेच्या जागाही वेगळ्या नोंदवा. नाशिक पदवीधर मतदारसंघ पाच जिल्ह्यांचा आहे. तिथला आमदार हा तुमच्या विधानसभेचा आमदार नव्हे.

मतांचा खरा कागद म्हणजे नमुना २०. निवडणूक निर्णय अधिकारी तो भरतो आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो पीडीएफ स्वरूपात मिळतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली ते असते, टपाली मते शेवटी वेगळ्या ओळीत. एकूण बेरीज करताना ही ओळ हमखास सुटते. दुसरी खोच म्हणजे नमुन्यात केंद्राचा फक्त क्रमांक असतो, गावाचे नाव नसते. त्याच निवडणुकीची मतदान केंद्रांची यादी शेजारी घेऊन क्रमांक जुळवा. २०१९ ची यादी २०२४ ला लावू नका. केंद्रे वाढतात, विलीन होतात, क्रमांक सरकतात आणि मग ‘अमुक गावाने साथ सोडली’ असा निष्कर्ष निघतो, जो मुळात दुसऱ्याच गावाचा असतो.

मताधिक्य नुसत्या आकड्यात लिहू नका, वैध मतांच्या टक्क्यांतही लिहा. २०२४ ला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. अशा ठिकाणी नोटा (‘वरीलपैकी कोणीही नाही’ची मते) आणि छोटे अपक्ष यांचे रकाने बारकाईने पाहावे लागतात. नामसाधर्म्याचे उमेदवारही मोजा. दिंडोरी लोकसभेला २०२४ मध्ये विजयी उमेदवाराच्याच आडनावाच्या अपक्षाने, चिन्हाच्या साधर्म्याच्या जोरावर, एक लाखाहून अधिक मते घेतली. तो अपक्ष लोकप्रिय होता असे कोणी समजत नाही, पण नुसता तक्ता वाचणाऱ्याला तसे वाटू शकते.

अनामत जप्त झाली का, हे स्वतः काढा. पराभूत उमेदवाराला वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते हवीत. वैध मते १,८०,००० असतील तर बरोबर ३०,००० मिळवणाऱ्याचीही अनामत जाते, ३०,००१ वाल्याची वाचते. नोटा वैध मतांत धरू नका. रक्कम सर्वसाधारण उमेदवाराला १०,००० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,००० रुपये.

आता प्रतिज्ञापत्र, म्हणजे नमुना २६. सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवाराच्या नावाने शोधले की एकाच माणसाची दोन-चार प्रतिज्ञापत्रे दिसतात, कारण एका जागेसाठी चार अर्ज भरता येतात. स्वीकृत अर्जासोबतचे घ्या. त्यात स्वतः, जोडीदार, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबित यांचे रकाने वेगळे असतात. ‘संपत्ती पाच वर्षांत तिप्पट’ अशी बातमी बहुतेक वेळा या रकान्यांच्या घोळातून जन्मते : एका वर्षी फक्त स्वतःचा आकडा, दुसऱ्या वर्षी सगळ्या कुटुंबाचा.

स्थावर मालमत्तेची एकूण बेरीज तुलनेला निरुपयोगी आहे. गंगापूर रोडला किंवा पाथर्डी फाट्याला जमीन असेल तर काहीही न विकता, न घेता तिचे बाजारमूल्य चढते. म्हणून जमिनीच्या गट क्रमांकानुसार जुळवा. जुन्या प्रतिज्ञापत्रातला प्रत्येक गट नव्यात आहे का? नव्यात आलेला गट कधी आणि किती खरेदी किमतीला घेतला? खरेदीची तारीख आणि किंमत त्याच पानावर विचारलेली असते. शंका असेल तर महाभूमी या राज्याच्या भूमिअभिलेख संकेतस्थळावर सातबारा पाहा, शहरात मिळकत पत्रिका. त्यानंतर मागच्या पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतले उत्पन्न आणि कर्जे एकत्र धरून ही खरेदी परवडण्यासारखी होती का ते बघा. खरा प्रश्न तिथे उभा राहतो.

गुन्ह्यांच्या भागात खटला क्रमांक, कलमे, न्यायालय आणि आरोपनिश्चिती झाली की नाही हे टिपा. आंदोलनातला जमावबंदीचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका मापाने मोजू नका. मागच्या वेळचा खटला यंदा दिसत नसेल तर लगेच लपवल्याचा आरोप नको. निर्दोष सुटका झाली असेल किंवा सरकारने खटला मागे घेतला असेल. ई-कोर्ट या न्यायालयांच्या संकेतस्थळावर खटला क्रमांक टाकून खात्री करा.

निवडणूक खर्चाची मर्यादा विधानसभेसाठी २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. पक्षाने सर्वसाधारण प्रचारावर केलेला खर्च यात येत नाही, त्यामुळे हा हिशेब वाचून प्रत्यक्ष खर्चाचा अंदाज बांधायला जाऊ नका.

सभागृहातली कामगिरी विधानमंडळाच्या संकेतस्थळावरील प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कार्यवाहीतून मिळते. तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे), अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न आणि लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणाऱ्या सूचना) वेगवेगळे मोजा. एकाच तारांकित प्रश्नावर दहा-बारा आमदारांची नावे असतात, म्हणून यादीतले पहिले नाव आणि मागून जोडलेली नावे यांत फरक करा. मंत्री सरकारला प्रश्न विचारत नाहीत, सभागृह चालवणारे पीठासीन अधिकारीही नाहीत. दिंडोरीचे नरहरी झिरवाळ २०२० पासून २०२४ पर्यंत विधानसभेचे उपाध्यक्ष होते. त्यांच्या त्या काळातील शून्याला ‘निष्क्रिय’ म्हणणे अज्ञानाचे आहे.

उरला निधी. ‘आमदार निधीतून’ असे फलक ज्या कामांवर असतात, त्यांतली बरीच कामे ग्रामविकासाच्या २५१५ किंवा रस्त्यांच्या ५०५४ या लेखाशीर्षातली (सरकारी अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदरातली) निघतात. खात्री करायची तर जिल्हाधिकारी कार्यालयातील जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकाराचा अर्ज द्या. अर्जाला १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमानुसार एक विषय आणि १५० शब्द ही मर्यादा आहे, त्यामुळे ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नका. एका आर्थिक वर्षाची यादी मागा : कामाचे नाव, गाव, लेखाशीर्ष, प्रशासकीय मान्यतेचा दिनांक व रक्कम, कार्यान्वयन यंत्रणा, झालेला खर्च, सद्यःस्थिती. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील, तेही फळले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरे. पहिल्या अर्जाची पोच जपून ठेवा, तिच्यावरचा दिनांक नसेल तर अपिलाची मुदत मोजता येत नाही.