ऑफिसचा फोन इंटरनेटवर नेताय? या चुका टाळा

इंटरनेटवरचा फोन घ्यायचं ठरलं की पहिली चर्चा होते बिलाची. चार लँडलाइनचं भाडं, ईपीएबीएक्सचा (ऑफिसातले फोन जोडणाऱ्या यंत्राचा) वार्षिक मेंटेनन्स आणि शेजारी नव्या सेवेचं कोटेशन. नवा आकडा कमी दिसला की सही होते. बिल बघावंच, पण त्यात एक गोष्ट कुठेच लिहिलेली नसते. तांब्याच्या लँडलाइनला लागणारी वीजसुद्धा एक्स्चेंजमधून, ४८ व्होल्टवर, त्याच तारेतून यायची. तार, वीज, स्विच सगळं टेलिफोन कंपनीचं. नव्या पद्धतीत यातलं निम्मं ओझं तुमच्या जागेत येतं: राउटर तुमचा, वीज तुमची, अपलोडही तुमचा. हे लक्षात न घेता सही केली की पुढचे घोटाळे ठरलेलेच.

प्लॅन मोठा घेतला की आवाज सुधारेल, हा समज

इंटरनेटवरून आवाज पाठवण्याच्या जी-७११ या नेहमीच्या पद्धतीत एका कॉलला एका दिशेने साधारण ८७ केबीपीएस लागतात. दहा जण एकाच वेळी बोलत असले तरी एक एमबीपीएस पुरून उरतो. म्हणजे ५० एमबीपीएसवर आवाज तुटत असेल, तर २०० चा प्लॅन घेतल्याने तो सुधारेलच असं नाही. फोनला वेगापेक्षा सातत्य हवं असतं. बोलणं २०-२० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, सेकंदाला ५० या हिशेबाने बाहेर पडतं. फाइलचा तुकडा हरवला तर पुन्हा मागवता येतो. बोलण्याचा तुकडा उशिरा आला तर तो टाकूनच द्यावा लागतो, आणि समोरच्याला शब्द अर्धा ऐकू येतो.

औषधांच्या घाऊक दुकानात संध्याकाळचं चित्र बघा. ऑर्डरींची घाई, त्याच वेळी अकाउंटंट टॅलीचा बॅकअप क्लाउडवर चढवतो, सीसीटीव्हीचं फुटेजही वर जात असतं. अपलोडचा रस्ता भरतो आणि काउंटरवरच्या माणसाचं ‘हॅलो, हॅलो’ सुरू होतं. स्पीड टेस्ट मात्र उत्तम, कारण ती सकाळी मोकळ्या लाइनवर केलेली असते.

तपासायचं असेल तर त्या गर्दीच्या वेळेलाच तपासा. कॉम्प्युटरवर पिंग, म्हणजे लाइनचा उशीर मोजणारी आज्ञा, सतत चालू ठेवा आणि मग बॅकअप सुरू करा. आधी दहा-पंधरा मिलिसेकंद दाखवणारा आकडा तीनशे-चारशेवर उड्या मारू लागला, तर दोष तिथे सापडला. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. पिंग जाऊन-येऊन लागणारा वेळ दाखवतो, हे ध्यानात ठेवा. उशिरातला चढउतार ३० मिलिसेकंदांच्या आत आणि हरवणारे तुकडे एक टक्क्याहून कमी असले की आवाज नीट राहतो.

उपाय स्वस्त आहे. राउटरमध्ये फोनच्या वाहतुकीला प्राधान्य द्या, बाकीच्या अपलोडला थोडी कमी मर्यादा घाला आणि बॅकअप रात्री लावा. टेबलावरचा फोन वायफायवर न ठेवता केबलने जोडा. हे सगळं करूनही आवाज तुटला, तर मग सेवा देणाऱ्याला जाब विचारा.

विजेचा विचार न करणं

कॉम्प्युटरला यूपीएस असतो आणि फायबरचा डबा नुसत्याच प्लगवर. वीज गेली की कॉम्प्युटर चालू, फोन बंद. डबा, राउटर, फोनना केबलमधून वीज देणारा स्विच आणि असेल तर आयपी-पीबीएक्स (ईपीएबीएक्सचा इंटरनेटवरचा अवतार), ही सगळी साखळी बॅकअपवर हवी. त्यातली एक कडी सुटली तरी फोन गेलाच.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॉल वळवण्याची सोय. ‘लाइन बंद असेल तर कॉल या मोबाइलवर पाठवा’ हे सेटिंग सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर हवं. ते तुमच्या ऑफिसातल्या पीबीएक्समध्ये असेल तर वीज गेल्यावर तेही त्याच्याबरोबर झोपतं. सही करण्याआधी राउटरचा प्लग स्वतः काढून बघा की मोबाइल वाजतो का.

लक्षण न ओळखता फोन बदलणं

तक्रार आली की फोन बदलून बघतात, आणि तक्रार तशीच राहते. लक्षणं नीट वाचली तर दोष बहुतेक वेळा राउटरमध्ये सापडतो.

एकाच बाजूचा आवाज ऐकू येतो? फोन आपल्या निरोपात स्वतःचा आतला पत्ता, १९२.१६८ ने सुरू होणारा, लिहून पाठवतो. अनेक राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय चालूच येते. ती तो पत्ता मदतीच्या हेतूने बदलते आणि पुष्कळदा चुकीचा बदलते. आवाज मग भलतीकडे जातो. ही सोय बंद करून बघा, हाच पहिला उपाय.

कॉल दर वेळी अर्ध्या मिनिटाच्या आसपास तुटतो? कॉल उचलल्याची पोच पलीकडे मिळत नाही, यंत्र ३२ सेकंद वाट बघतं आणि कॉल सोडतं. संशय पुन्हा त्याच सोयीवर घ्या.

बाहेर फोन लागतो, पण काही वेळ शांत राहिल्यावर येणारा फोन वाजत नाही? राउटर रिकामा रस्ता विसरून जातो. फोनमध्ये ‘कीप अलाइव्ह’ (रस्ता जागा ठेवणारा छोटा निरोप) २०-३० सेकंदांवर ठेवा.

आणि शून्याचा घोळ. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला ० लावणं सक्तीचं झालं. जिथे बाहेरची लाइन घ्यायलाही ० दाबायची सवय आहे, तिथे लोक दोन शून्यं दाबतात. नव्या यंत्रणेला पहिलं शून्य काढून टाकायला सांगितलं नसेल तर तिला तो परदेशातला कॉल वाटतो आणि लागतच नाही. बसवणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी डायलिंगचे नियम ऑफिसच्या सवयीनुसार लावून घ्या.

जुना नंबर आपोआप येईल असं धरून चालणं

मोबाइलचा नंबर पोर्ट होतो, लँडलाइनचा आपल्याकडे तसा होत नाही. वीस वर्षं पाटीवर, बिलबुकावर आणि गिऱ्हाइकांच्या डायरीत असलेला नंबर दुसऱ्या कंपनीकडे जाणार नाही. त्याच कंपनीकडे तांब्यावरून फायबरवर जाताना तो टिकेल का, हे आधी लेखी विचारा. टिकणार नसेल तर एक जुनी लाइन ठेवून ती नव्या नंबरवर वळवा, आणि पाटी, पॅकिंग, गुगलवरची नोंद सावकाश बदलत न्या. धंद्यात नंबर हीच ओळख असते. दोनशे-चारशे रुपयांच्या बचतीपायी ती गमावू नये.

एक्स्टेन्शन १०१, पासवर्डही १०१

इंटरनेटवर ५०६० हा पोर्ट, म्हणजे अशा फोनचं नेहमीचं दार, उघडा दिसला की तो चाचपडणारे प्रोग्रॅम काही वेळातच येऊन धडकतात. सोपा पासवर्ड मिळाला की परदेशातल्या महागड्या नंबरांवर रात्रभर कॉल जातात, शक्यतो शनिवार-रविवार साधून. बिल तुमच्याच नावावर येतं. परदेशात बोलायचं नसेल तर आयएसडी सेवा देणाऱ्याकडूनच बंद करून घ्या, खर्चाला रोजची मर्यादा लावा आणि पीबीएक्स थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका.

स्वस्त म्हणून कोणाकडूनही घेणं

जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवानाधारक कंपन्यांना इंटरनेट टेलिफोनीची वाट मोकळी करून दिली. म्हणून सेवा देणाऱ्याकडे परवाना आहे का, की तो नुसता मधला विक्रेता आहे, हे विचारण्यात संकोच नको. ‘जागा द्या, एक डबा बसवतो, महिन्याला भाडं देतो’ असं कोणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. परदेशातले कॉल सिमकार्डांमधून स्थानिक करून सोडणारे डबे असेच बसवले जातात. विनापरवाना सेवेला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

शेवटची तांब्याची लाइन परत करण्याआधी तिच्यावर आणखी काय काय जोडलंय ते हिंडून बघा. लिफ्टमधला फोन, चोरीचा अलार्म, जुनं कार्ड स्वाइप मशीन, फॅक्स. फॅक्स नव्या लाइनवर चालवायचा तर टी-३८ ची, म्हणजे फॅक्स इंटरनेटवरून पाठवण्याच्या पद्धतीची, सोय लागते. लिफ्ट आणि अलार्म त्यांच्या मेकॅनिकला बोलावून, त्याच्यासमोर कॉल लावून तपासा. ती लाइन त्यानंतरच सरेंडर करा.