वेली फुलावर आल्यात? फवारणीआधी फूल कधी उमलतं ते पाहा

भोपळा, काकडी, कारली, दोडका, दुधी फुलावर आले की पहिली तक्रार ठरलेली: फुलं भरपूर, पण सगळी गळतात. सुरुवातीला हे होणारच. या वेलींवर नर आणि मादी फुलं वेगळी येतात आणि बहुधा नर फुलं आधी येतात. पराग देऊन झाला की ती गळतात. त्यासाठी टॉनिक विकत आणू नका.

खरी काळजी मादी फुलाची. पाकळ्यांच्या खाली चिमुकली काकडी किंवा दुधी दिसली की ते मादी फूल समजावं. ते इवलं फळ म्हणजे अंडाशय, त्यात बीजांडं, म्हणजे पुढे बी होणारे कण, असतात. फुलाच्या मधोमध चिकट कुक्षी असते. तिच्यावर पडलेल्या परागकणातून नलिका फुटते, ती अंडाशयात उतरते आणि बीजांडाचं फलन होतं. एका बीमागे एक परागकण लागतो. पराग अपुरा पडला तर बी नीट भरत नाही, बी नसलेला भाग वाढत नाही आणि काकडी वाकडी किंवा टोकाला निमुळती होते. परागच पोचला नाही, तर ते इवलं फळ पिवळं पडून गळतं. अशा वेळी युरिया टाकू नका. जास्त नत्राने वेल नुसती माजते आणि मादी फुलं कमी येतात.

हा पराग जड आणि चिकट असल्यामुळे वाऱ्याने उडत नाही, त्याला मधमाश्या, पतंग असे कीटकच लागतात. कलिंगडाच्या एका मादी फुलाला सुडौल फळासाठी मधमाशीच्या साधारण 8 तरी भेटी व्हाव्या लागतात. खरबुजाच्या फळ धरणाऱ्या फुलात बहुधा पुंकेसर (पराग तयार करणारा भाग) आणि कुक्षी दोन्ही असतात, तरी तिथेही मधमाशीशिवाय भागत नाही.

फवारणी संध्याकाळी करा, हा सल्ला सरसकट दिला जातो. भोपळा, काकडी, कारली, घोसाळं यांना तो लागू पडतो, कारण ही फुलं पहाटे ते सकाळी उमलतात. भोपळ्याचं फूल तर दुपारपर्यंत मिटतंही. दोडका, दुधी आणि पडवळ मात्र संध्याकाळी उमलतात. नेमकं तेव्हाच औषध मारलं तर पराग भिजतो आणि रात्री येणारे पतंगही मरतात. या पिकांत फवारणी टाळता येत नसेल तर ती सकाळी, आदल्या संध्याकाळची फुलं मिटल्याची खात्री करून उरका. फुलोऱ्यात कीटकनाशक जितकं टळेल तितकं बरं. लेबलवर मधमाश्यांसाठी घातक असा इशारा असेल तर ते या काळात वापरूच नका.

झडीच्या दिवसांत मधमाश्या फिरकत नाहीत, तेव्हा हाताने परागीभवन करा. ताजं उमललेलं नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या काढा आणि पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर सगळीकडून हलकेच फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. दोडका-दुधीसाठी हे काम संध्याकाळी करावं लागतं. कर्टोलीचे नर आणि मादी वेल वेगळे असतात. त्यामुळे शेतात नर वेल ठेवलेत ना, हे आधी तपासा. फळ देत नाहीत म्हणून ते उपटले जातात.

पॉलीहाऊसमधल्या बिनबियांच्या काकडीला यातलं काही लागत नाही. ती परागाशिवायच धरते. उलट मधमाश्या आत शिरल्या तर बी धरून फळं बेढब होतात, म्हणून तिथे जाळी फाटलेली असेल तर आजच शिवून घ्या.