हेडलाइट घासायला घेण्याआधी यूव्ही कोट घरात असू द्या

गणपतीला चकचकीत आणि शिमग्याला पुन्हा पिवळे, असे हेडलाइट नको असतील तर सगळ्यात आधी यूव्ही क्लिअर कोट, म्हणजे उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपासून जपणारा पारदर्शक थर, विकत आणा. पेपर, पॉलिश, टेप सगळं नंतर. मागच्या खेपेला माझ्याकडे बाकीचं सामान होतं, हाच एक डबा नव्हता. काच मस्त उजळली, काम झालं असं वाटलं, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ती घासण्याआधी होती त्याहून जास्त पिवळी पडली.

कारण समजलं की हा डबा टाळावासा वाटणार नाही. आपण जिला हेडलाइटची काच म्हणतो ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. हलकं, दगड उडून बसला तरी सहसा न फुटणारं, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे न टिकणारं. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ कडक थर चढवतात. ऊन, धूळ आणि रोज सकाळी फिरणारं मातकट फडकं, यांनी काही वर्षांत तो थर विटतो. आपण घासतो म्हणजे त्याचा उरलासुरला भागही काढून टाकतो. खालचं प्लास्टिक स्वच्छ निघतं, पण उघडं पडतं. त्यावर नवा थर दिला नाही तर ते पहिल्यापेक्षा लवकर खराब होणार, यात शंका नको. जुन्या ॲम्बेसेडर-फियाटला खरी काच असायची, त्यामुळे त्या काळातले सल्ले इथे चालत नाहीत.

पैसे खर्च करण्याआधी एक तपासणी करा. हेडलाइट बंद आणि थंड असताना धुवा आणि ओला असतानाच नीट बघा. ओली काच बरीच स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाली, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे, घासून जाईल. ओली असतानाही फरक पडत नसेल तर आत डोकावा. आत पाण्याचे थेंब, शेवाळी डाग, काळवंडलेला रिफ्लेक्टर किंवा प्लास्टिकच्या आतपर्यंत गेलेल्या बारीक भेगा दिसल्या तर बाहेरून कितीही घासा, उजेड वाढणार नाही. बल्बही पाहून घ्या. एच-फोर प्रकारचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा (अप्पर/डिप्पर) असतो. उजेड कमी म्हणून कोणी १००/९० चा टाकला असेल तर तो काढा. त्याच्या उष्णतेने होल्डर आणि वायरिंग जळतं.

आता सामान. पुण्यात असाल तर नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं आहेत, नाहीतर गाडीचे रंग विकणारा कुठलाही दुकानदार. पाण्यात भिजवून वापरायचा वॉटर पेपर घ्या: ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचा (नंबर जितका मोठा, पेपर तितका बारीक). सुताराचा कोरडा पॉलिश पेपर नको. काच फारच पिवळी असेल तर ६०० पासून सुरुवात करा, पण उगाच नको. त्याचे ओरखडे काढता काढता हात भरून येतात. चांगला मास्किंग टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन-तीन स्वच्छ मायक्रोफायबर फडकी, हातमोजे. बादली, साबण घरात असतोच. आणि यूव्ही कोट. दुकानदार ‘त्याची काही गरज नाही साहेब, पॉलिश मारा, झालं’ म्हणेल. त्याचं ऐकू नका. डब्यावर हेडलाइटसाठी किंवा प्लास्टिकसाठी आणि यूव्ही प्रतिरोधक असं छापलेलं आहे का, ते स्वतः वाचा. साधा लॅकर आणि हा कोट एक नव्हे. गाडीचं वॅक्सही याची जागा घेत नाही, ते काही आठवड्यांत निघून जातं.

हार्डनर मिसळायचा दोन भागांचा क्लिअर कोट सगळ्यात टिकाऊ, पण तो घरी फवारू नका. त्यात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, ती फुप्फुसांना घातक आहेत आणि कापडी मास्कने अडत नाहीत. तोच हवा असेल तर घासकाम घरी करा आणि फवारणी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून करून घ्या. त्याच्याकडे जायचा दिवस मात्र घासण्याआधी ठरवा. घासून ठेवलं आणि तो ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणाला की पुन्हा उघडं प्लास्टिक उन्हात.

टूथपेस्टचं विचारू नका. ती हलकं घासते, चार दिवस चमक येते, संरक्षण शून्य. डास पळवायचा स्प्रे चोळून काच साफ करणाऱ्यांपासून तर लांबच राहा. त्यातलं डीट नावाचं रसायन प्लास्टिकचा वरचा पापुद्रा मऊ करून टाकतं, आणि ओघळ बॉनेटवर गेला तर रंगही जातो. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन अजिबात नको. पॉलिकार्बोनेटला त्याने भेगा पडतात.

वेळ निवडताना ऑगस्ट सोडा. गणपतीला गावी जायचं, घाटात रात्र होणार, म्हणून ऐनवेळी हे काम काढण्याचा मोह होतो. दमट हवेत क्लिअर कोट पांढुरका पडतो, वर पावसाची सर कधी येईल सांगता येत नाही. घाटासाठी उजेड हवा असेल तर मे महिन्यातच उरका, नाहीतर सरळ दिवाळीनंतर. सकाळी, सावलीत, वारा नसताना. शेजारी बांधकाम चालू असेल तर दुसरी जागा शोधा.

धुऊन, पुसून टेप लावा. दुहेरी लावा. बंपर प्लास्टिकचा असला तरी त्यावर रंगच असतो, आणि ८०० नंबरचा पेपर एकदा चुकून फिरला तरी तो जातो. बॉनेटच्या कडेला हात सारखा आपटतो, तिथे टेपचे तीन थर द्या.

पेपर दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजत ठेवा, पाण्यात साबणाचा थेंब. पहिल्या नंबरने आडवं घासा, पुढच्याने उभं, मग पुन्हा आडवं. असं केलं की आधीचे ओरखडे गेले की नाहीत ते डोळ्यांना कळतं. गोल गोल घासलं की काहीच कळत नाही. सुरुवातीला हळदीच्या दुधासारखं पिवळं पाणी ओघळेल. तो जुना थर निघतोय. ओघळ पांढरा होईपर्यंत नंबर बदलू नका. काच पुसून, वाळवून तिरक्या उजेडात बघा: कुठेतरी नकाशासारखी कड दिसेल, एका बाजूला गुळगुळीत चमक आणि दुसऱ्या बाजूला एकसारखा मॅट. ती चमक म्हणजे शिल्लक राहिलेला जुना थर. कोपऱ्यात, विशेषतः ग्रिलच्या बाजूला, तो हमखास राहतो. तो पूर्ण काढा, नाहीतर नव्या कोटखाली ती कड कायमची दिसेल. नंबर बदलला की पाणी बदला आणि काच धुवा. आधीच्या पेपरचा एक कण राहिला तरी पुढच्या पेपरखाली ओरखडा पडतो.

२००० झाल्यावर काच एकसारखी दुधी दिसेल आणि आता पॉलिश मारून चमकवावी असं वाटेल. स्प्रेचा कोट मारणार असाल तर मारू नका. कोटला धरायला हा मॅट पृष्ठभागच लागतो, बारीक ओरखडे तो स्वतःच भरून काढतो. पॉलिशमधलं तेल मागे राहिलं तर कोट पापुद्रे होऊन निघतो. फडक्याने चोळून लावायचा कोट असेल तर आधी पॉलिश करावं लागतं, तेव्हा डब्यावरच्या सूचना पाळा. पण पॉलिश केलं आणि कोट उद्या बघू, असं करू नका. उद्या होत नाही. त्याच दिवशी, त्याच बैठकीत कोट.

आता पटापट. घासताना टेप भिजून सुटलेला असतो, तो नवीन लावा. बॉनेट, ग्रिल, टायर जुन्या चादरीने झाका, स्प्रेचं धुकं लांब जातं. अल्कोहोलने काच पुसा, मग बोट लावू नका. डबा दोन मिनिटं हलवा. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून पहिला हात अगदी पुसट, दहा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा ओलसर. फवारणी काचेच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवा, नाहीतर ओघळ येतो. ओघळ आलाच तर बोटाने पुसू नका. पूर्ण वाळल्यावर २००० ने घासून पुन्हा मारता येतो. टेप कोट कडक होण्याआधी अलगद, तिरका ओढून काढा. रात्रभर गाडी हलवू नका, कव्हर घालू नका. आठवडाभर शाम्पू नाही, प्रेशर वॉश नाही, आणि गाडी पुसायला येणाऱ्याला हेडलाइटला फडकं लावू नकोस म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवा.